नोलला सैतान केलं म्हणजे प्रश्न सुटला का?

२०२५ च्या फेब्रुवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गेमचं नवं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे त्यातल्या प्राण्यांचं आणि शत्रूंचं पुस्तक, आलं आणि तेव्हापासून एकच भांडण चालू आहे. या पुस्तकात ऑर्क या आडदांड जमातीचा वेगळा स्टॅट ब्लॉक, म्हणजे प्राण्याच्या आकड्यांची चौकट, नाही, ऑर्क हवा असेल तर गुंड, योद्धा वगैरे जे सामान्य ब्लॉक आहेत तेच वापरा असं आहे. बुटके गॉब्लिन आता ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखे लोक, नाहीत, ते फे म्हणजे परीलोकातले झाले. कोबोल्ड ड्रॅगन झाले. लिझर्डफोक म्हणजे सरडेमाणसं एलिमेंटल म्हणजे मूलतत्त्वांतले झाले आणि तरसमुखी नोल थेट फीन्ड म्हणजे सैतान. यावर एक बाजू म्हणते की गेमचा कणाच काढून घेतला, आता लढायचं कोणाशी. दुसरी बाजू म्हणते की ज्याला अजून दुष्ट ऑर्क हवेत त्याच्या मनातच काहीतरी खोट आहे. मी दोन्हीकडचं भरपूर वाचलं, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की दोघंही चुकीच्या प्रश्नावर घसा कोरडा करतायत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जन्मातून शरीर येऊ द्या, अगदी विचित्र, आडदांड, पंखवालं, चिकट, जसं हवं तसं येऊ द्या आणि ते नियमांत ठळक दिसू द्या. पण जन्मातून स्वभाव, अक्कल आणि नीती येऊ देऊ नका, ती त्या प्राण्याच्या आयुष्यातून आली पाहिजे, तो कुठे वाढला, कोणाचा चाकर आहे, त्याला काय हवंय यातून. आणि क्रिएचर टाइप, म्हणजे ह्युमनॉइड, फे, फीन्ड हा प्रकार, ही तिसरीच गोष्ट आहे, कुठला स्पेल म्हणजे मंत्र कोणावर चालतो हे सांगणारी चिठ्ठी, तिच्यावर नैतिकतेचं ओझं टाकायचंच नाही. या तीन गोष्टींची खिचडी झालीय म्हणून वाद संपत नाही.

आधी टाइपबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. २०१४ च्या नियमांपासून एकूण १४ टाइप आहेत: ॲबरेशन, बीस्ट, सेलेस्टियल, कन्स्ट्रक्ट, ड्रॅगन, एलिमेंटल, फे, फीन्ड, जायंट, ह्युमनॉइड, मॉन्स्ट्रॉसिटी, ऊझ, प्लांट आणि अनडेड. लोक ही यादी वाचतात तेव्हा त्यांना हे त्या जगाचं जीवशास्त्र वाटतं. ते तसं नाहीये. ही यादी आहे कारण होल्ड पर्सन हा जागीच थिजवणारा स्पेल फक्त ह्युमनॉइडवर चालतो, कारण पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा स्माइट हा वार फीन्ड आणि अनडेडवर आठ बाजूंचा एक फासा जास्त देतो, कारण प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हा स्पेल ठराविक सहा टाइपपासूनच वाचवतो. टाइप म्हणजे स्पेलच्या कुलपाला लागणारी किल्ली. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये रेंजर या रानातल्या योद्ध्याला 'जायंट क्लास' मधल्या शत्रूंवर जास्तीचं नुकसान करता यायचं, आणि त्या जायंट क्लासच्या यादीत खऱ्या राक्षसी जायंटसोबत ऑर्क, गॉब्लिन आणि चक्क कोबोल्ड होते. कोबोल्ड! माणसाच्या कमरेएवढा प्राणी. त्याला कोणी उंचीने जायंट मानत नव्हतं, रेंजरने ज्यांच्याविरुद्ध तयारी केलेली असते ते सगळे एका नावाखाली बांधले होते एवढंच.

यावरून मला न्यूयॉर्कमधला १८१८ चा एक खटला आठवतो. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून फी भरायची असा कायदा होता, आणि एका व्यापाऱ्याकडे व्हेलचं तेल सापडलं. तो म्हणाला व्हेल मासा नाही, मी फी भरणार नाही. त्याच्या बाजूने नामांकित निसर्गतज्ज्ञ साक्षीला आला, प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच व्हेलला सस्तन प्राण्यांत घातलं होतं, सगळं शास्त्र त्याच्या बाजूला होतं. तरी ज्युरीने निकाल दिला की व्हेल मासाच. यात ज्युरी मूर्ख होती असं मला वाटत नाही. कायद्यातला 'मासा' हा शब्द तेलाच्या पिंपासाठी होता, प्राण्याच्या पोटात काय आहे यासाठी नव्हता. टाइपचंही अगदी असंच आहे. 'गॉब्लिन खरंच फे आहे का' हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही, 'गॉब्लिनवर होल्ड पर्सन चालू द्यायचा का' हा खरा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल मग तक्रार कशाची, गेम काढणाऱ्या कंपनीने किल्ल्या बदलल्या, बदलू देत. तक्रार आहे, कारण या वेळी किल्ल्या बदलल्या त्या कुलपासाठी बदलल्यासारख्या वाटत नाहीत. गेल्या काही वर्षांचा क्रम बघा. २०१६ च्या एका पुस्तकात खेळाडूंसाठी ऑर्क दिला होता आणि त्याला इंटेलिजन्समध्ये वजा २ होते, कोबोल्डला स्ट्रेंग्थमध्ये वजा २. २०२० मध्ये ते वजा काढून टाकले. त्याच वर्षी कंपनीने जाहीरपणे सांगितलं की ऑर्क आणि ड्रो (जमिनीखाली राहणारे एल्फ) यांना आम्ही बाकीच्यांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू. २०२२ मध्ये स्पेलजॅमर या अंतराळातल्या साहसांच्या नव्या पुस्तकात हॅडोझी नावाच्या माकडासारख्या लोकांची जी पूर्वकथा छापली, गुलामगिरीची, ती एवढी वाईट होती की काही आठवड्यांत माफी मागून ती काढावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' येणार असं जाहीर झालं. या सगळ्याच्या शेवटी २०२५ चं पुस्तक येतं, आणि ज्या ह्युमनॉइड जमाती वर्षानुवर्षं 'मारायला मोकळे' म्हणून वापरल्या गेल्या त्यातल्या बऱ्याचशा एकदम ह्युमनॉइड राहत नाहीत. म्हणजे 'कुठलेच लोक जन्मतः दुष्ट नसतात' हे वाक्य खरं ठेवायचा एक सोपा उपाय मिळाला: ज्यांना मारायचंय त्यांना 'लोक' या खणातूनच बाहेर काढा. जन्मजात दुष्टपणा गेला नाही, त्याने फक्त खण बदलला.

हे कंपनीने मुद्दाम केलं असा माझा आरोप नाही, त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण परिणाम हाच आहे. नोल बघा. काल जो नोल होल्ड पर्सनने जागीच थिजायचा त्याच्यासाठी आज होल्ड मॉन्स्टर लागतो, दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलऐवजी पाचव्या. पॅलाडिनचा डिव्हाइन सेन्स त्याला भिंतीपलीकडून हुंगतो. स्माइट त्याला जास्त लागतो. आणि टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला न बोलता संदेश जातो की याच्याशी बोलायचं काही कारण नाही, हा सैतान आहे.

इथे समोरच्यांचा एक मुद्दा खरोखर दमदार आहे आणि तो मला मान्य करावाच लागतो. नोलची गोष्टच अशी आहे की डीमन लॉर्ड यीनोघूच्या मागे फिरणाऱ्या तरसांनी त्याची शिकार खाल्ली आणि त्यातून नोल जन्मले. म्हणजे ते जमात नाहीतच, एका सैतानाची भूक चालती-फिरती झालीय. मग त्यांना फीन्ड म्हणणं जास्त खरं नाही का? आहे, जर ती गोष्ट शेवटपर्यंत निभावली तर. जो प्राणी म्हणजे निव्वळ एक कल्पना आहे, क्रौर्य किंवा भूक यांनाच शरीर मिळालंय, त्याला जन्मतः दुष्ट म्हणायला माझी काडीची हरकत नाही. डीमनला बालपण नसतं. त्याला आई नसते, उपाशी पोर नसतं, त्याला सौद्यात फसवलं तर त्याचा अपमान होतो पण त्याचं घर बुडत नाही. माझी कसोटी हीच आहे: या प्राण्याला पोरं होतात का, ती पोरं वाढवावी लागतात का, आणि वाढवणारा बदलला तर पोर वेगळं निघू शकतं का? तीनही उत्तरं हो असतील तर तो लोक आहे, वर कुठलीही चिठ्ठी चिकटवा. आणि नोलच्या बाबतीत उत्तर काय हे तुमच्या जगावर अवलंबून आहे. पाझो या दुसऱ्या कंपनीने पाथफाइंडर या तशाच गेममध्ये तोच तरसमुखी नोल घेतला, त्याला घर दिलं, रीती दिल्या, खेळाडूला तो घेता येईल असं केलं, आता त्यांच्याकडे त्याचं नाव खोलो आहे. एकाच प्राण्याचे दोन प्रामाणिक अवतार होऊ शकतात. पण गॉब्लिनची अशी कुठली गोष्ट? त्यांची पोरं आहेत, टोळ्या आहेत, म्होरके आहेत, भांडणं आहेत, लाचखाऊपणा आहे, सगळं आपलंच आहे.

आमच्या टेबलावर झालेला प्रसंग सांगतो. मी डीएम होतो, म्हणजे खेळ चालवणारा. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या गटात, एक गॉब्लिन रोग (rogue, चोरट्या कसबाचं पात्र) आहे, २०२२ च्या पुस्तकातला, त्यात खेळाडूचा गॉब्लिन ह्युमनॉइड आहे. समोर नदीवरचा पूल अडवून बसलेली गॉब्लिनांची टोळी, तिचे स्टॅट ब्लॉक मी नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून घेतले होते. आमच्या विझर्डने टोळीच्या म्होरक्यावर होल्ड पर्सन टाकला, मी ब्लॉक बघितला आणि म्हटलं चालणार नाही, तो फे आहे. पुढच्याच राउंडला टोळीतल्या जादूगाराने तोच स्पेल आमच्या रोगवर टाकला, त्याचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, फसला आणि तो थिजला. रोग चालवणारा मित्र क्षणभर शीटकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे पण म्होरक्या माझा भाऊ आहे ना? आपण पहिल्या सेशनला ठरवलं होतं." खरंच ठरवलं होतं. एकाच आईची दोन पोरं, एक ह्युमनॉइड आणि एक फे, फरक फक्त एवढाच की एकाची शीट खेळाडूच्या हातात आणि दुसऱ्याची माझ्या. त्या एका वाक्याने मला जे दाखवलं ते शंभर लेख वाचून कळलं नव्हतं. ती रेघ प्राण्यांमधून जात नाहीये, ती टेबलाच्या मधून जातेय, या बाजूचे लोक आणि त्या बाजूचे प्राणी.

आता दुसरा मोठा मुद्दा, आणि तोही मी हलका समजत नाही. आठवडाभर काम करून माणसं चार तास खेळायला बसतात, त्यांना प्रत्येक लढाईनंतर अपराधी वाटून घ्यायचं नाही, त्यांना कुणाला तरी निवांतपणे हाणायचंय. 'ऑर्क आला, हाणा' यात एक सोपेपणा आहे, तो खेळाचा भाग आहे. अगदी मान्य. पण निवांतपणे हाणायला जन्मतः दुष्ट जमात लागते का? झॉम्बी आहेत, डीमन आहेत, गावं जाळणारे दरोडेखोर आहेत, बळी देणारे कल्ट आहेत, जुलमी राजाचे सैनिक आहेत. दरोडेखोराला हाणताना कोणाला अपराधी वाटतं? नाही वाटत, कारण त्याने जे केलं ते समोर आहे. कृत्यावरून शत्रू ठरवला की हात मोकळे राहतात, उलट जन्मावरून ठरवला की कधी ना कधी तो जुना प्रश्न येतोच, गुहा साफ केली आणि शेवटच्या खोलीत गॉब्लिनांची पोरं सापडली, आता काय करायचं? बऱ्याच टेबलांवर हा प्रश्न येऊन गेलाय, आणि बऱ्याच टेबलांवर त्यावरून मैत्रीत कडवटपणा आलाय. म्हणजे ज्या सोयीसाठी जन्मजात दुष्टपणा ठेवला तीच सोय तो देत नाही.

आणि हे करून दाखवलेलं आहे. याच गेमचं एबेरॉन हे जग २००४ मध्ये आलं, कीथ बेकरने बनवलेलं. त्यात गॉब्लिन लोकांचं एकेकाळी मोठं साम्राज्य होतं, धाकान, माणसं त्या खंडावर यायच्या कितीतरी आधी. त्यात ऑर्क द्रुइडांनी वेडाच्या पाताळातून आलेल्या शक्तींना कोंडून जग वाचवलं. म्हणून एबेरॉनमध्ये लढायला कोणी नाही का? उलट, युद्धातून नुकतंच बाहेर पडलेलं जग आहे, हेर आहेत, लोभी घराणी आहेत, कोंडलेले राक्षस आहेत, धर्मवेडे आहेत. कुठल्याही इतर जगापेक्षा तिथे भांडणं कमी नाहीत.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो: ऑर्क खरे नाहीत, ते कोणाचं रूपक नाही, तुम्हालाच त्यात खरी माणसं दिसत असतील तर दोष तुमचा. यातला अर्धा भाग मला पटतो. ऑर्क मारल्याने कोणी खऱ्या माणसांचा द्वेष करायला शिकत नाही, आणि खेळणाऱ्यावर तसा संशय घेणं हे अन्यायाचं आहे, त्यानेच अर्धी माणसं चर्चेतून उठून जातात. पण दुसरा अर्धा? प्रश्न ऑर्क कोण आहे हा नाहीच, प्रश्न वाक्याच्या साच्याचा आहे. 'हे लोक दिसतात असे, बुद्धीने कमी, रागीट, चोरटे, आणि सगळेच तसे.' हा साचा फँटसीने शोधलेला नाही. ज्या लिनियसने १७५८ मध्ये व्हेलला योग्य जागी ठेवलं त्यानेच त्याच पुस्तकात माणसांचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाच्या रंगापुढे स्वभाव लिहिला, युरोपातला रीतीने चालतो, आफ्रिकेतला लहरीने. शरीराचं वर्णन करता करता पेन तसंच पुढे सरकलं आणि स्वभाव लिहून गेलं, मध्ये कुठे थांबलंच नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला तेव्हा तर अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यात जन्मलेल्या पोराने काही करायच्या आधीच त्याच्या डोक्यावर शिक्का. तो शिक्का कायद्याने पुसला १९५२ मध्ये, लोकांच्या मनातून किती पुसला हे ज्यांच्यावर तो होता त्यांना विचारा. ज्यांच्या आजोबांनी पोलिसात हजेरी लावली त्यांच्यातलाच कोणी उद्या आपल्या टेबलावर खेळायला बसला आणि स्टॅट ब्लॉकमध्ये तोच साचा वाचला, तर त्याला तो ओळखू येणार नाही असं म्हणण्याइतका मी निबर नाही. तो साचा न वापरल्याने आपलं काय जातं?

शिवाय 'परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं ते परंपरा तरी आहे का? १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्क लॉफुल ईव्हिल होते, शिस्तबद्ध दुष्ट. २००० च्या तिसऱ्या एडिशनपासून ते केऑटिक ईव्हिल झाले, बेशिस्त दुष्ट. म्हणजे ज्याला रक्तातला स्वभाव म्हणता तो एडिशन बदलली तसा उलटा झाला आणि कोणी रस्त्यावर उतरलं नाही. हाफ-ऑर्क १९७८ ला आत, १९८९ च्या दुसऱ्या एडिशनच्या हँडबुकमध्ये बाहेर, २००० ला परत आत, २००८ ला बाहेर, २००९ ला दुसऱ्या भागात आत. हॉबिट १९७४ ला होते, टोल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर हाफलिंग झाले. आणि १९७४ च्या अगदी पहिल्या पुस्तकातच लिहिलंय की खेळाडूला जवळजवळ काहीही होऊ द्यायला हरकत नाही, ड्रॅगन व्हायचंय तर लहान ड्रॅगनपासून सुरुवात करू द्या. परंपरेचं पहिलं पान तर हे आहे.

आपल्याला हे सगळं इतकं परकं वाटायचं खरं तर काही कारण नाही. या गेममध्ये राक्षस आहे, १९७० च्या दशकापासून आहे, वाघाचं डोकं, उलटे तळहात, टाइप फीन्ड, नेहमी लॉफुल ईव्हिल. आणि आपण लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकल्या त्यात राक्षस कसे आहेत? घटोत्कच आहे, हिडिंबेचा आणि भीमाचा मुलगा, बापाच्या बाजूने लढून मेला, हाफ-ऑर्कची गोष्ट यापेक्षा चांगली कोणी लिहिली आहे का. प्रल्हाद दैत्यकुळातला, त्याचाच नातू बळी, आणि बळीचं राज्य परत यावं असं आपण आजही म्हणतो. रावण तर ऋषीचा मुलगा, वेद शिकलेला, त्याचा दोष त्याने केलेल्या कामाचा आहे. कुळ राक्षसाचं, शरीर मायावी, ताकद अफाट, पण कोण काय करेल ते ज्याचं त्याने ठरवायचं. वाघाच्या डोक्याचा फीन्ड हे त्याचं पातळ केलेलं रूप आहे, ते वाचताना मला नेहमी वाटतं की मूळ माल कितीतरी सकस होता.

फक्त एक धोका यातही आहे. बिभीषणाला आपण चांगला म्हणतो आणि त्याच दमात घरभेदीही म्हणतो. कादंबऱ्यांतल्या ड्रिझ्टसारखा एक सज्जन ड्रो १९८८ पासून लाडका आहे, आणि त्याच्यामुळे बाकीचे ड्रो जास्तच दुष्ट वाटतात, कारण तो 'त्यांच्यातला असूनही चांगला'. एकच चांगला दाखवला की नियम मोडत नाही, पक्का होतो. म्हणून 'आमच्या जगात एक चांगला ऑर्क आहे की' हे उत्तर मला पुरत नाही. गावात चाळीस ऑर्क असतील तर त्यातला एक कंजूष, एक भित्रा, एक कर्जबुडवा, एक फार छान गाणारा, असे दिसू देत.

आता दुसऱ्या बाजूकडे, कारण तिथेही माझं भांडण आहे आणि ते कमी नाही. स्वभाव काढायचा म्हणता म्हणता काही लोकांनी शरीरही काढून टाकलं. सगळे सारखेच, फक्त कातडीचा रंग आणि कानांचा आकार वेगळा, ही समता नाही, हा आळस आहे. ऑर्कला जन्मातून मिळणारी +२ स्ट्रेंग्थ गेल्यावर लोक म्हणाले की आता ऑर्कमध्ये ऑर्कपणा काय उरला, तर मला वाटतं तो ऑर्कपणा त्या +२ मध्ये कधी नव्हताच. हिशोब करा ना, +२ म्हणजे मॉडिफायर, फाशात मिळवायचा आकडा, १ ने वाढतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्के. वीस वेळा तलवार मारली तर एकदा फरक पडणार, आणि त्यासाठी ऑर्कला जादूगार व्हायची वाट बंद. ऑर्कपणा दुसरीकडे आहे: शून्य हिट पॉइंटवर (जिवाचे गुण संपल्यावर) पडायच्या ऐवजी एकदा १ वर उभा राहणं, हे टेबलावर घडतं तेव्हा सगळे ओरडतात. ड्वार्फ दगडावर हात ठेवून पलीकडचे हादरे ओळखतो, हाफलिंगचा फाशावर १ पडला तर तो परत टाकतो, चिकट गोळ्यासारखा प्लाझमॉइड एक इंच फटीतून सरकतो. ही शरीरं आहेत. यांच्यामुळे जग वेगळं दिसतं, कारण जो दरवाजाखालून जाऊ शकतो त्याच्यासाठी तुरुंग ही गोष्टच वेगळी.

वॉरफोर्ज्डचं उदाहरण मला फार आवडतं. युद्धासाठी लाकूड-लोखंडातून बनवलेले सैनिक, युद्ध संपलं, तहात त्यांना स्वातंत्र्य मिळालं आणि आता जगायचं कसं हे कोणी शिकवलेलं नाही. २००४ च्या नियमांत ते 'लिव्हिंग कन्स्ट्रक्ट' होते आणि बरं करणारे स्पेल त्यांच्यावर अर्धेच चालायचे. विचार करा, क्लेरिक सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवतेय, बाकीचे ताजेतवाने होतायत आणि तुझी जखम अर्धीच भरली. एका नियमाने त्या पात्राचं सगळं एकटेपण टेबलावर आणून ठेवलं, कुठलंही लेक्चर न देता. टाइप असा वापरा ना! शरीर वेगळं आहे हे अंगावर आलं, आणि तो चांगला की वाईट याबद्दल नियम एक अक्षर बोलला नाही. २०१९ मध्ये त्यांना सरळ ह्युमनॉइड केलं, खेळायला सोपं झालं हे खरं, पण काहीतरी गेलं.

आणि २०२४ च्या हँडबुकने जन्मातून आकडे काढून नेले कुठे, तर बॅकग्राउंडमध्ये, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्यात. शेतकरी बॅकग्राउंड घेतलं तर वाढ फक्त स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन आणि विज्डममध्ये. उमराव घेतलं तर स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, करिष्मा. परत वाचा. शेतकऱ्याच्या पोराला बुद्धीत वाढ घेता येत नाही, सरदाराच्या पोराला येते. वंशावरून अक्कल ठरवणं वाईट म्हणून ती आपण काढली आणि घराण्याच्या धंद्यावर नेऊन ठेवली. डीएमला स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची मुभा आहे हे मला माहितेय, पण छापलेल्या पानावर जे आहे तेच नवा खेळाडू वाचतो. इतका गाजावाजा करून सुधारणा करणाऱ्यांपैकी हे कोणाला खटकलं नाही? याचं कारण मला तेच वाटतं, की 'शरीर कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो' हा प्रश्न कोणी नीट मांडलाच नाही, फक्त जिथे आरडाओरडा झाला तिथून आकडे उचलून दुसरीकडे ठेवले.

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क त्याच हँडबुकमधून गेले, हेही मला मनापासून चुकीचं वाटतं. 'हाफ' या शब्दात टोचणी आहे, मान्य, शब्द बदला. पण ज्याचे आई-बाप दोन वेगळ्या लोकांतले आहेत त्याची गोष्ट काढून टाकणं म्हणजे ज्यांना सांभाळायचं होतं त्यांनाच दाराबाहेर ठेवणं. दोन घरांत वाढलेला, दोन्हीकडे थोडा उपरा असलेला माणूस, तो तर या सगळ्या वादाचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. 'स्पीशीज' शब्दानेही इथे अडचणच केलीय, कारण तो ऐकला की माणसाला वाटतं या दोघांची पोरं होणारच नाहीत. पाथफाइंडरने २०१९ ला 'अँसेस्ट्री' घेतला तो त्या मानाने बरा. मी टेबलावर सरळ 'कूळ' म्हणतो. तू कुठल्या कुळातला, एवढं विचारलं की लोक आपोआप आजी-आजोबांची गोष्ट सांगायला लागतात, आकडे सांगत नाहीत.

पुलावरच्या त्या लढाईचं राहिलं. विझर्डने स्पेल वाया घालवला होता आणि रोग थिजून उभा होता, आणि मित्राच्या त्या वाक्यानंतर मी पाच मिनिटं खेळ थांबवला. मग म्होरक्याच्या ब्लॉकवर पेन्सिलने फे खोडून ह्युमनॉइड लिहिलं, विझर्डला वाया गेलेला स्पेल परत दिला. पुढच्या राउंडला दोघं भाऊ पुलाच्या दोन टोकांना एकाच स्पेलमध्ये अडकलेले, पापणीही हलत नाही, आणि दोन्हीकडचे जादूगार आपापलं कॉन्सन्ट्रेशन धरून एकमेकांकडे बघतायत की आधी कोण सोडतो. आमच्या विझर्डने सोडलं. म्होरक्याने पहिला प्रश्न विचारला तो आईबद्दल. त्यानंतर दीड तास कोणी फासा उचलला नाही. पूल का अडवला तेही निघालं, वरच्या गावाने त्यांचं पाणी वळवलं होतं. अलाइनमेंटची, म्हणजे चांगला की दुष्ट हे सांगणारी, ओळही मी त्या दिवशी खोडली, आणि तिथे अजून काही लिहिलेलं नाही.